शोभणे, पाहणे आणि हिशेब : स्त्रीचे वस्त्र व दोन नजरा

'बाई नटते ती कोणासाठी?' हा प्रश्न मराठीत विनोदी सदरापासून कीर्तनाच्या उत्तररंगापर्यंत सर्वत्र विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरेही ठरून गेलेली आहेत. पुरुषांसाठी, हे पहिले उत्तर. इतर बायकांसाठी, हे दुसरे. ते बहुधा मिस्कीलपणे दिले जाते. गेल्या काही दशकांत स्त्रीवादी विचाराच्या प्रसाराबरोबर 'स्वतःसाठी' हे तिसरे उत्तर रूढ झाले आणि सुशिक्षित वर्गात तेच आता सन्मान्य मानले जाते. ही तिन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. वस्त्राला एक आणि एकच पत्ता असतो, जणू ते पाकिटात बंद करून टाकलेले पत्र आहे, असे ती तिन्ही उत्तरे मानून चालतात. या गृहीतकाविषयीच प्रस्तुत लेखात शंका उपस्थित करावयाची आहे. वस्त्राचा पत्ता शोधण्याचा हट्ट सोडल्याखेरीज पुरुषी नजर आणि स्त्रीची नजर यांतील नैतिक भेद नीट मांडता येणार नाही, असे मला वाटते.

हा विचार मनात घोळू लागला तो स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर साताऱ्याच्या गाडीची वाट पाहताना. सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर, फलटण, बारामती अशा दिशांना जाणाऱ्या गाड्या इथून सुटतात. शेजारीच शहर बससेवेचे स्थानक आहे. आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून पायाखाली मेट्रोही धावते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या भाड्यात स्त्रियांना निम्मी सवलत मिळू लागली आणि फलाटावर एकट्या, दुकट्या, लेकरे घेऊन निघालेल्या बायकांची गर्दी डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. एकाच बाकावर नऊवारी, सहावारी, पंजाबी ड्रेस, जीन्स, बुरखा आणि महिला वाहकाचा खाकी गणवेश शेजारी शेजारी बसलेले असतात. (बुरख्याचा प्रश्न स्वतंत्र विवेचनाचा आहे. त्याला ओझरता स्पर्श करून तो निकालात काढल्याचा आव आणणे बरे नव्हे.) गावात जो माणूस आपल्याकडे पाहतो तो आपल्याला ओळखतो; घरात जो पाहतो त्याचा आपल्यावर काही हक्क असतो, निदान तसे तो समजतो. स्थानकावरच्या नजरेला यांपैकी कोणताच आधार नाही. ती निव्वळ नजर असते, आणि म्हणूनच अभ्यासासाठी सोयीची.

इथे बसलेल्या बाईचा पेहराव तिने 'निवडलेला' आहे का? एक साधे निरीक्षण नोंदवते. आपल्याकडे अनेक घरांत 'प्रवासाची साडी' म्हणून एक साडी वेगळी असते. ती मळखाऊ रंगाची, न चुरगळणारी, फारशी नजरेत न भरणारी. लग्नाला जायची साडी पिशवीत घडी करून ठेवलेली असते आणि ती मुक्कामी पोचल्यावर नेसली जाते. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सरकवलेले असते, त्यामागे चोराची भीती. पदराला सेफ्टीपिन लावलेली असते, ती पदर ढळू नये म्हणून. आणि गर्दीच्या गाडीत मागून कोणी अंगचटीला आलाच तर तीच पिन काढून हातात धरायची, हे ज्ञान आईकडून मुलीकडे फारसे न बोलता पोचलेले असते. एकाच पिनेने लज्जारक्षणही करायचे आणि आत्मरक्षणही, ही गोष्ट वस्त्रमीमांसेच्या ग्रंथांतून मला तरी आढळलेली नाही. प्रवासाच्या साडीला 'पुरुषांसाठी' म्हणता येत नाही, 'स्वतःसाठी' म्हणणे ढोंगाचे होईल आणि 'इतर बायकांसाठी' तर ती नक्कीच नाही. तरीही तिच्यामागे विचार आहे, निवड आहे, नजरांचा बारीक हिशेब आहे. जिथे जिथे कोणी पाहील तिथे तिथे काय दिसावे आणि काय दिसू नये याची ती आखणी आहे.

पाश्चात्त्य विचारात नजरेची मीमांसा कशी झाली ते वाचकांना परिचित आहे; म्हणून थोडक्यात. सार्त्रने १९४३च्या आपल्या ग्रंथात किल्लीच्या भोकातून पाहणारा माणूस मागे पावले वाजताच लाजेने कसा स्वतःपुढे उघडा पडतो ते सांगितले. पाहणारा क्षणात पाहिला जाणारा होतो. जॉन बर्जरने १९७२ साली युरोपीय चित्रकलेच्या संदर्भात असे दाखवले की स्त्री स्वतःकडेही पुरुषाच्या डोळ्यांनी पाहू लागते. तिच्या आत बसलेला पहारेकरी पुरुष असतो. लॉरा मल्व्हीने १९७५ साली हॉलिवूडच्या चित्रपटांचे विश्लेषण करताना 'पुरुषी नजर' ही संकल्पना मांडली. कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक या तिघांचे डोळे एका रेषेत येतात आणि पडद्यावरची स्त्री केवळ पाहण्याचा विषय उरते, असा तिचा निष्कर्ष होता.

आपल्या विद्यापीठांतून ही संकल्पना गेली तीसेक वर्षे अशी काही वापरली गेली आहे की जणू स्वारगेटचा फलाट हे एक चित्रपटगृहच आहे. दोहोंतला फरक मात्र मूलभूत आहे. चित्रपटगृहात प्रेक्षक अंधारात असतो. पडद्यावरची स्त्री उलटून पाहू शकत नाही. फलाटावर सर्वांवर सारखेच ऊन असते. टक लावून पाहणारा पुरुषही तिथे दिसत असतो; त्याच्या शर्टाची उसवलेली शिवण, त्याच्या तोंडातला तोबरा, त्याच्याबरोबर असलेली त्याची स्वतःची मुलगी, हे सारे दिसत असते. तरीही तो न ओशाळता पाहत राहतो. सार्त्रच्या माणसाला लाज वाटण्यासाठी कोणाची तरी चाहूल पुरली. इथे शंभर डोळे असूनही पुरत नाहीत. म्हणजे पुरुषी नजरेचे बळ तिच्या अदृश्यतेत आहे, हे प्रतिपादन आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. आपल्याकडे ती उजळ माथ्याने वावरते. तिला आपण काही चोरून घेत आहोत असे वाटत नाही, कारण समोरचे सार्वजनिक आहे आणि सार्वजनिक ते आपले, असे ती धरून चालते. पाहिले जाणाऱ्या व्यक्तीनेच हिशेब द्यावा, पाहणाऱ्याने नव्हे, ही विषमता पुरुषी नजरेचा गाभा आहे. कामवासना हा तिचा केवळ एक विनियोग झाला.

आता दुसऱ्या नजरेकडे वळू. बर्जरचे म्हणणे शेवटपर्यंत मानायचे तर स्त्रीची नजर अशी वेगळी काही उरतच नाही. ती उसनी घेतलेली पुरुषी नजरच ठरते. फलाटावरच्या बाकावर पाच मिनिटे बसले तरी हे म्हणणे डळमळू लागते. दोन अनोळखी बायका शेजारी बसतात. एकीची नजर दुसरीच्या काठावर जाते. काही क्षण ती नुसतीच पाहते आणि मग, ओळखदेख नसताना, पदराचे टोक दोन बोटांत धरून विचारते, 'इरकल ना? कुठून घेतली?' पुढचा प्रश्न किमतीचा. या पाहण्याला स्पर्शाची जोड आहे, तेही विनापरवानगी. पण त्याने कोणी दुखावत नाही, उलट बोलणे सुरू होते. नजर इथे अंगावर थांबत नाही, ती कापडात शिरते. पोत, वीण, रंग पक्का की कच्चा, काठ जरीचा की रेशमाचा, ही एक विद्या आहे आणि तिचे प्रशिक्षण स्त्रियांनी स्त्रियांना दिलेले आहे. पुरुषाच्या नजरेला या विद्येचा गंध नसतो. त्याला साडी दिसते ती नेसणारीच्या देहाची बाह्यरेषा म्हणून. ही दुसरी नजर पहिलीची नक्कल असेल, तर मूळात नसलेले एवढे ज्ञान नकलेत आले कुठून, याचे उत्तर बर्जरपाशी नाही.

मात्र या भगिनीभावाच्या चित्रावर विसंबून राहणे भाबडेपणाचे ठरेल. जी नजर कापडाचा पोत ओळखते तीच कापडावरून ऐपत, जात, वैवाहिक स्थिती आणि 'वळण' ओळखते. मुलगी 'पाहायला' येणाऱ्यांत वराच्या आईची आणि आत्याची नजरच अधिक बारीक असते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पोहे घेऊन आलेल्या मुलीची चाल, नखे, ब्लाउजच्या पाठीची खोली यांची नोंद वराला घेता येत नाही. तो बहुधा स्वतःच संकोचलेला असतो. त्याच्या वतीने त्या पाहतात. हळदीकुंकवाला नव्या साड्यांचे कौतुक होते त्याच बैठकीत कोणाला बोलावले नाही हेही ठरलेले असते. आणि मागे गेलो तर विधवेचे आलवण आहे. लालसर रंगाचे ते जाडेभरडे लुगडे आणि वपन केलेल्या डोक्यावरून ओढलेला पदर यांचा अधिकृत हेतू तिला पुरुषांच्या नजरेपासून दूर ठेवण्याचा होता. प्रत्यक्षात मात्र त्या वेशामुळे ती शंभर बायकांतून उठून दिसे. तिचा अपशकुन होऊ नये म्हणून लोकांना तिला आधी हेरावे लागे. नजर टाळण्यासाठी योजलेले वस्त्र नजरेत सर्वाधिक भरणारे ठरले. या वेशाचा कायदा पुरुषांनी केला हे खरे, पण घराघरांत त्याची अंमलबजावणी सासवा, जावा आणि नणंदा यांनी केली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्या विवाहाने काय मोडले याचा विचार करताना आपण शास्त्रार्थाविषयी बोलतो. आलवण उतरवून रंगीत काठाचे लुगडे नेसलेली बाई शेजारणींच्या नजरेपुढून पहिल्यांदा गेली असेल त्या क्षणाविषयी आपण बोलत नाही.

म्हणून स्त्रीची नजर ही एक नाही, दोन आहेत, असे म्हणावेसे वाटते. एक कापडात शिरते. दुसरी कापडावरून बाईचा निवाडा करते. दुसरी नजर पुरुषी व्यवस्थेची मुखत्यार आहे, हे मान्य. पण मुखत्याराला स्वतःचेही काही हितसंबंध असतात, हे विसरून चालत नाही.

वस्त्राचा पत्ता शोधणे किती निरर्थक आहे याचे आपल्या सांस्कृतिक इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बालगंधर्व. १९११ साली 'मानापमान'मधील भामिनी रंगवणारे आणि १९१३ पासून स्वतःची नाटकमंडळी चालवणारे नारायणराव राजहंस यांच्या साड्या, केशरचना, दागिने आणि पदर सावरण्याची लकब यांचे अनुकरण महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय स्त्रियांनी केले. हे वाक्य इतक्यांदा लिहिले गेले आहे की त्यातील अचंबा आता आपल्याला जाणवेनासा झाला आहे. इथे पुरुष देहावर स्त्रीचे वस्त्र आहे. ते पुरुषांनी लिहिलेल्या नायिकेचे आहे. ते पाहायला पुरुष आले आहेत आणि त्यांच्या बायकाही. त्या बायका घरी जाऊन तो पदर आरशापुढे करून पाहतात. तो त्यांच्या अंगावर येतो तेव्हा पुन्हा पुरुष त्याकडे पाहतात आणि त्यांना त्यात भामिनी दिसते. या वर्तुळात 'मूळ' नजर कोणती? १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातील चित्रे ज्या भिंतींवर लागली होती त्या भिंतींपाशीच बहुधा आरसा होता, हेही ध्यानात घ्यावे. मल्व्हीच्या चौकटीतून बोलायचे तर ही पुरुषी कल्पनेतील स्त्री होती आणि स्त्रियांनी ती अंगीकारली, म्हणजे त्या फसल्या. मला हे निदान अपुरे वाटते. घराबाहेर पडण्याची मुभा मर्यादित असलेल्या बाईला प्रेक्षागारात बसून एका स्त्री-रूपाकडे तासन्तास, निर्भयपणे, टक लावून पाहता आले, हा अनुभव तिच्यासाठी बहुधा नवा होता. तिने पाहिले आणि त्यातून उचलले. ते उसने होते म्हणून तिचे नव्हते, असे म्हटले तर आपली भाषाही आपली नाही असे म्हणावे लागेल.

इथवरचे विवेचन एका विशिष्ट वर्गाच्या अनुभवावर उभे आहे, हा आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्तही आहे. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीची मांडणी वेगळी का असते याविषयी जो इशारा दिला तो वस्त्राच्या बाबतीत विशेषच खरा ठरतो. फलटणला ज्यांचे आयुष्य गेले त्या बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात (पुस्तकरूपाने १९८६) लुगडे नेसण्यातील एका बंधनाचा उल्लेख आहे. महार स्त्रीने लुगड्याचे काठ निऱ्यांत झाकून नेसायचे. काठ दिसतील असे नेसण्याचा मान वरच्या जातीच्या स्त्रियांचा. लुगडे तेच, देह झाकलेला तितकाच, वासनेचा प्रश्न नाही. फक्त काठ दिसतो की नाही. ज्या नजरेसाठी हा नियम होता तिला पुरुषी म्हणावे की स्त्रीची? ती जातीची नजर होती. तिला सौंदर्य पाहायचे नव्हते, खूण वाचायची होती; आणि खूण वाचली की पुढचे सारे, म्हणजे किती अंतरावर उभे राहायचे, काय बोलायचे, कोणाला काय करण्याची मुभा आहे, आपोआप ठरत असे. मघाशी बाकावरच्या बाईने शेजारणीचा काठ दोन बोटांत धरून कौतुक केले, त्या प्रसंगात मी जो निरागसपणा पाहिला त्याच्यामागे हा इतिहास उभा आहे.

डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले त्यात लुगडे नेसण्याची पद्धत बदला आणि जातीची खूण ठरणारे दागिने टाका, असे आवर्जून सांगितले होते. मनुस्मृतीच्या दहनाशी जोडल्या गेलेल्या त्या परिषदेत लुगड्याविषयी बोलणे ही किरकोळ बाब नव्हती. आजच्या भाषेत आपण 'निवडस्वातंत्र्य' म्हणतो त्याचा इथे एक वेगळाच अर्थ दिसतो. 'मी कशी दिसते' यापेक्षा 'मी काय म्हणून वाचली जाते' यावर तो बेतलेला आहे. उच्चवर्णीय स्त्रीसारखे नेसणे हे अनुकरण होते काय? वरवर पाहता होय. पण बालगंधर्वांचा पदर उचलणारी ब्राह्मण बाई आणि महाडहून घरी परतताना लुगडे घोट्यापर्यंत सोडणारी बाई यांच्या अनुकरणांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिलीला काही मिळवायचे होते. दुसरीला वाचणाऱ्याच्या हातून पुस्तकच काढून घ्यायचे होते.

खूण आणि सौंदर्य यांची ही सरमिसळ आपल्या भाषेतच रुजलेली आहे. मराठीतील 'शोभणे' या क्रियापदाचा विचार करा. 'हा रंग तुला शोभतो' हे सौंदर्यविधान आहे. 'हे वागणं तुला शोभत नाही' हे नीतिविधान आहे. आणि 'हा ड्रेस तुला शोभत नाही' हे यांपैकी कोणते? बोलणारा पहिल्याचा आधार घेऊन दुसरे सांगत असतो. ऐकणारी तक्रार करू लागली तर 'मी आपलं रंगाबद्दल म्हणत होतो' अशी माघार घेता येते. तिने मान खाली घातली तर नीतीचा विजय झालेला असतो. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायात जोडे घालून, हातात छत्री घेऊन रस्त्याने निघाल्या तेव्हा लोकांनी त्यांना दगड मारल्याची नोंद आहे. जोडे आणि छत्री यांत उत्तान काय होते? पण ते 'शोभत' नव्हते. देह उघडा टाकणारे वस्त्र आक्षेपार्ह ठरते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात एका जागेसाठी ठरलेली वस्तू दुसऱ्या जागी दिसली की ती आक्षेपार्ह ठरते. याच आनंदीबाईंनी अमेरिकेत गुजराती धाटणीने साडी नेसायला सुरुवात केली, कारण पोटऱ्या उघड्या टाकणारी आपली नऊवारी तिथल्या हवेत आणि तिथल्या सभ्यतेच्या कल्पनांत बसेना. पुण्यात जे शालीन ते फिलाडेल्फियात उघडे! ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिताना आणखी एक गोम हेरली होती. स्वतः बूट-पाटलोण चढवणाऱ्या पुरुषांनी धर्म टिकवण्याचे काम मात्र बायकांवर सोपवले होते. पुरुषाचे वस्त्र बदलले की काळ बदलला, स्त्रीचे बदलले की संस्कृती बुडाली, हा न्याय अजूनही पुरता मोडलेला नाही.

या साऱ्या पार्श्वभूमीवर पुणेरी स्कार्फकडे पाहावे. नव्वदच्या दशकापासून पुढे, गिअर नसलेल्या दुचाकी मुलींच्या हाती आल्या तसतसा हा वेश शहरात दृढ झाला. डोके, कपाळ, नाक, तोंड, मान असे सर्व गुंडाळलेली ओढणी किंवा स्कार्फ, वर गॉगल, हातांत कोपरापर्यंतचे मोजे. जेधे चौकातील सिग्नलला अशा वीसपंचवीस जणी ओळीने उभ्या असतात आणि त्यांतली कोणती कोण हे सख्ख्या भावालाही सांगता येत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांनी यावर पुष्कळ विनोद केले. (२०२० साली साऱ्यांनाच तोंड झाकावे लागले आणि ते विनोद काही काळ थांबले.) कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, 'ऊन किती आहे!' धूर आणि धूळही आहे. कारण खरे आहे, पण ते पुरेसे नाही. कारण ऊन मुलांनाही लागते.

फ्रान्झ फॅनॉनने १९५९ साली अल्जीरियातील बुरख्याविषयी लिहिताना असे निरीक्षण मांडले होते की न दिसता पाहणारी स्त्री वसाहतकर्त्या पुरुषाला अस्वस्थ करते, कारण तिथे देवघेव होत नाही. स्कार्फमधली मुलगीही न दिसता पाहते. पण फॅनॉनचे विवेचन इथे अर्धेच लागू पडते. तिथे परका राज्यकर्ता होता. इथे मुलीला ज्या नजरेपासून सुटायचे आहे ती अनेकदा टवाळाची नसते. ती समोरच्या वाड्यातल्या काकूंची, आईच्या भिशीतल्या मैत्रिणीची असते. 'काल तुमची लेक स्वारगेटला दिसली, कोणाच्या तरी गाडीवर होती', हे वाक्य टाळायचे असते. म्हणजे एकच फडके एकाच वेळी उन्हापासून, अनोळखी पुरुषाच्या नजरेपासून आणि ओळखीच्या बाईच्या नजरेपासून आडोसा देते. आणि यांपैकी फक्त पहिले कारण बोलून दाखवावे लागते. या 'निमित्ता'ला मी नैतिक दृष्ट्या कमी लेखत नाही. ज्या समाजात आपल्या वस्त्राचे कारण देणे बाईला भाग असते तिथे खोटे न बोलता खरे राखून ठेवण्याची सोय ऊन करून देते. शिवाय, ज्यांना स्कार्फ ही केवळ शरणागती वाटते त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की तो गुंडाळून ती शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकटी जाते. आलवणाने बाईला घरात बसवले होते.

तरीही स्कार्फचा गौरव करताना हात आखडतो, तो वेगळ्या कारणाने. त्याने नजरेतली विषमता मोडत नाही. फक्त एका बाईपुरती ती चुकवली जाते. हिशेब मागण्याचा हक्क जिथल्या तिथे राहतो. तो किती चिवट आहे ते याच स्थानकाने दाखवले. २५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे स्वारगेट स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. अशा वेळी समाज जो पहिला प्रश्न विचारतो तो वस्त्राचा असतो, अशी आपली समजूत आहे. या खेपेस सार्वजनिक चर्चेत पुढे आलेला प्रश्न निराळा होता. ती ओरडली का नाही? मला हे फार बोलके वाटते. वस्त्राचा प्रश्न हा मुळात वस्त्राचा नसतोच. तो एका साच्यातला एक पर्याय असतो. कपडे नसतील तर वेळ, वेळ नसेल तर सोबत, सोबत नसेल तर आवाज. रिकामी जागा भरली जाते, साचा तोच राहतो. म्हणून 'अंगभर कपडे घातले होते तरीही' अशी बाजू जेव्हा सहानुभूतीने मांडली जाते तेव्हा ती मांडणाऱ्याच्या नकळत तोच हिशेब मान्य करते. अंगभर नसते तर काय, हा प्रश्न तिथे दबा धरून बसलेला असतो.

न्यायशास्त्राने या बाबतीत निदान एकदा समाजापेक्षा स्वच्छ विचार केला आहे. साडेसात महिन्यांच्या बालिकेवरील हल्ल्याच्या प्रकरणात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की एवढ्या बालिकेला 'विनय' असतो काय. न्यायालयाच्या बहुमताने असतो असे म्हटले. स्त्रीचा विनय तिच्या स्त्री असण्यात आहे, तिच्या वयात, जाणिवेत वा प्रतिक्रियेत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. 'विनयभंग' या शब्दातला 'विनय' आपण सहसा वागणुकीशी आणि पेहरावाशी जोडतो. तो असा तोडला गेला. पण शब्द तोच राहिला, आणि शब्दाबरोबर त्याची जुनी सावलीही. २०२२ साली कोळिकोडच्या सत्र न्यायालयाने जामिनाच्या आदेशात तक्रारदार स्त्रीच्या पेहरावाला उत्तेजक म्हटले. केरळ उच्च न्यायालयाने ते शेरे पुढे काढून टाकले. कागदावरून शेरा काढता येतो. तो ज्या नजरेतून आला ती कोणत्या कलमाखाली काढायची, हे कायदा सांगू शकत नाही. चोरून पाहणे हा २०१३ सालच्या दुरुस्तीने गुन्हा ठरला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. पण तो खाजगी क्षणापुरता आहे. फलाटावर उघडपणे पाहणे गुन्हा नाही, आणि सरसकट तो तसा असूही नये. न पाहता एकत्र राहणे माणसांना शक्य नाही.

मग योग्य पाहणे कोणते, हा प्रश्न शिल्लक राहतो. मला त्याचे सिद्धान्तरूप उत्तर देता येत नाही. एक खूण मात्र सांगता येईल. काठ बोटांत धरणाऱ्या त्या बाईने आधी शेजारणीच्या डोळ्यांत पाहिले होते, आणि साडीची चौकशी संपल्यावर शेजारणीने तिच्या हातातल्या बांगड्यांविषयी विचारले होते. नजर गेली तशी परत आली. टक लावून पाहणाऱ्या माणसाकडे मी त्या दिवशी मुद्दाम पाहिले. त्याच्या चपलेपासून टोपीपर्यंत सावकाश, जसे तो आम्हा सर्वांकडे पाहत होता तसे. त्याने वर्तमानपत्र उघडले. लगेच माझ्या शेजारची वयस्क बाई हळूच म्हणाली, 'असं बघू नये पोरी, आपल्याला शोभत नाही.'

अलीकडे मी साताऱ्याला जाताना मेट्रोने स्वारगेटला येते. भूमिगत स्थानकात ऊन नसते, धूळ नसते, वाराही यंत्राचा. सरकत्या जिन्यावरून खाली उतरणाऱ्या काही मुली जिन्यावरच स्कार्फ सोडतात, चार घड्या करून पर्समध्ये टाकतात, केस सारखे करतात. काही जणी तो तसाच ठेवतात, गाडीत बसल्यावरही. त्यांना आता कोणी 'का' असे विचारले तर ऊन हे उत्तर चालणार नाही. मी आजवर कोणाला विचारलेले नाही.